तेविसावा नंबर

सुभद्राबाईंच्या शाळेत मुली नंबरानं बसत. पहिला नंबर बाईंच्या खुर्चीच्या पायाशी, दुसरा त्याच्या शेजारी, आणि असं करत करत तेविसावा थेट दारात, पाण्याच्या माठापलीकडे. खोली अरुंद आणि लांबच लांब. मूळची ती कुणाची तरी कडब्याची वखार होती आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलनं तिला खिडक्या पाडून शाळा केली होती. दर शनिवारी तोंडी प्रश्न व्हायचे. एकीला आलं नाही आणि तिच्या खालचीला आलं, की खालची दप्तर उचलून वर जायची आणि वरची मुकाट्यानं खाली सरकायची. ही पद्धत बाई अमरावतीहून शिकून आल्या होत्या आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव होता. नशीब कसंही असो, शाळेत माणसाला आपल्या अकलेनं वर चढता येतं, असं त्यांना वाटे. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलेल्या बाईला असं वाटणं साहजिकच होतं.

मेहकरहून दोन कोसांवर, पैनगंगा ओलांडली की हिवरखेडी लागते. त्या गावात मुलींची शाळा निघाल्याला सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं तिथं सुभद्राबाईच होत्या. वरच्या साहेबांच्या शेरेबुकात नंबरांच्या पद्धतीबद्दल दोनदा चांगला शेरा आला होता. तो त्यांना पाठ होता.

तेविसावा नंबर कौशल्याचा. निवृत्ती माळ्याची ही थोरली, वय नऊ. पहिलीत असताना ती तिसऱ्या नंबरावर होती, हे बाईंना आठवायचं आणि त्याचाच राग यायचा. डोकं असून पोरगी आळशी झाली, असं त्यांनी मनात नक्की करून टाकलं होतं. दुसरीत ती एकदा नापास झाली, आणि आता पुन्हा तीच लक्षणं. पाढे सगळ्यांबरोबर म्हणायची, पण सगळ्यांच्या अर्धा घास मागे. बावीस आवाज थांबले की तिचा एक आवाज शेपटासारखा उरायचा. एकटीला उभं केलं की तोंडाकडे बघत राहायची. ते बघणं असं रोखून असे की बाईंना वाटे, पोरगी आपली परीक्षा घेते आहे. शेजारी बसायला कुणी तयार नसायचं. मुली म्हणत, बाई, हिच्याजवळ वास येते. बाई म्हणत, वेणी घालून, आंघोळ करून येत जा गं. ती मान हलवायची. मान हलवण्यात मात्र ती कधी मागे नव्हती.

वार्षिक तपासणीला दहा दिवस उरले होते. नऊचा पाढा संपवून बाईंनी भूगोल काढला आणि मुद्दाम शेवटच्या नंबराला विचारलं, आपल्या जिल्ह्यातल्या नद्या सांग. कौशल्या उठली. सगळ्या आपल्याकडे बघताहेत एवढं तिला कळलं. हाताची घडी घालून तिनं खणखणीत आवाजात नऊचा पाढा सुरू केला. मुली खिदळायला लागल्या. ती म्हणतच राहिली, नऊ दाही नव्वदपर्यंत.

बाई त्या लांब खोलीतून दारापर्यंत चालत गेल्या. शाळेत छडी होती, पण ती मोठ्या गुन्ह्याला. उर्मटपणाला कान होता. त्यांनी कौशल्याचा डावा कान धरला आणि पिळला, मागच्या शनिवारी पिळला होता तसाच, त्याच्या आधीच्या शनिवारी पिळला होता तसाच. पोरीचं तोंड उघडलं, आवाज काही आला नाही. बाईंनी हात काढला तेव्हा बोटं ओली होती.

त्यांनी बोटांकडे पाहिलं. पिवळट, चिकट, थोडं लाल. मग तो वास आला.

मुली अजून हसत होत्या. कौशल्या बाईंच्या तोंडाकडे बघत होती. आणि मग ती अगदी हळू, आपल्या आवाजाचं माप नसल्यासारखी बोलली.

"बाई, मायले सांगू नोका."

दुपारच्या सुटीत मुली घरी पळाल्या. कौशल्याची भाकरी फडक्यात बांधलेली असायची, ती एकटी उंबऱ्यावर पाठ करून खात बसली. सुभद्राबाई खुर्चीजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. पोरीचा घास तोंडाकडे जात राहिला. त्या दहाव्या नंबराच्या जागेवर आल्या आणि पुन्हा हाक मारली. पंधराव्या. माठापाशी. शेवटी तिच्या डाव्या खांद्यामागे हातभर अंतरावर वाकून म्हणाल्या, कौशल्या. तेव्हा तिनं वळून पाहिलं आणि घाईनं भाकरी मागे लपवली, जशी काही भाकरी खाणं हाच अपराध होता.

बाई तिथंच जमिनीवर बसल्या. हिशेब सोपा होता आणि तो त्यांना दोन वर्षं सुटला नव्हता. पोरीला ऐकू कमी आलं, म्हणून उत्तर चुकलं. उत्तर चुकलं, म्हणून त्यांनी तिला एक नंबर खाली बसवलं. एक नंबर खाली म्हणजे आवाजापासून हातभर लांब. म्हणून पुढचं उत्तर चुकलं. तिसऱ्या नंबरापासून तेविसाव्यापर्यंत तिला त्यांनी आपल्या हातानं ढकलत नेलं होतं, नियमानं, न्यायानं, कुणाचाही पक्षपात न करता.

संध्याकाळी त्या निवृत्तीच्या मळ्यात गेल्या. कौशल्याची आई तानुबाई वांग्याच्या वाफ्यात खुरपत होती. मास्तरीणबाई मळ्यात आलेल्या बघून तिनं आधी गूळपाणी दिलं, मग बांधावर पोतं अंथरलं, मग पाच-सहा वांगी ओच्यात घालू लागली. बाईंनी विषय काढताच हात थांबले. तिनं साफ नाकारलं. पोरीचे कान चांगले आहेत, थोडा थंडीचा कान वाहतो, लसणाचं तेल टाकलं की बसतो. बाईंनी दुपारी काय केलं ते सांगितलं, उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंतचं सगळं. कान पिळल्याचंही सांगितलं, पण एकदाच पिळल्यासारखं.

तानुबाईनं हातातलं ढेकूळ चुरलं. मग बोलली. दोन वर्षांमागे गोवर आला होता. ताप उतरला आणि दोन्ही कान फुटले. सासूनं तेल सांगितलं, कुणी तुळशीचा रस सांगितला, कुणी गोमूत्र. जे जे सांगितलं ते ते त्या कानांत गेलं. पोरीला तिनंच शिकवलं होतं, की माणसाच्या तोंडाकडं बघत जा, अन् समजलं नाही तर मान हालव.

दवाखान्यात का नेलं नाही, असं बाईंनी विचारलं. त्यावर तानुबाई जे बोलली ते ना रडत, ना रागावत, बाजारात भाव सांगावा तसं बोलली.

"दवाखान्यात नेलं तं गावाले समजते, बाई. एकदा भैरी म्हनलं की भैरीच. मंग तिचं नाव कौशी राह्यत नाई. अन् तिच्या बापानं तं सांगूनच ठेवलं हाय, अवंदा नापास झाली की शाया बंद, पाखरं हाकलाले मळ्यात बसंन. भैरी हाय असं समजलं तं आजच बंद. म्हनंन, जिले ऐकू येत नाई तिले शाया कायले."

मग तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. हाताला माती होती. पोरगी पास व्हावी आणि कुणाला कळू नये, एवढंच तिला हवं होतं. शाळेत गेली तर निदान कागदावरचं तरी वाचील. कागद काही ओरडून सांगावा लागत नाही. सुभद्राबाईंना हे पटलं. त्यांनी वचन दिलं, की हे माझ्या तोंडून निघणार नाही. वांगी घेऊन त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नंबर मोडले. मोडले असं म्हणाल्या नाहीत. उजेडाची नवी व्यवस्था आहे असं सांगून कौशल्याला खुर्चीच्या पायाशी, आपल्या समोर बसवलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून शिकवू लागल्या, म्हणजे उजेड ओठांवर पडावा. पाटलाची पुष्पा पहिल्या नंबराची. तिला दुसरीकडे बसावं लागलं तेव्हा तिच्या घरून निरोप आला, की शेवटच्या नंबराला पहिली जागा हा कोणता न्याय. बाईंनी उलट निरोप धाडला, की उन्हाळ्यात सावली फिरते तशी शाळेतही फिरते. निरोपाचा अर्थ कुणालाच कळला नाही, त्यामुळे भांडण वाढलं नाही.

दहा दिवस. सकाळी शाळेआधी तासभर आणि शाळा सुटल्यावर तासभर. कौशल्याला काही शिकवावं लागलंच नाही, फक्त पोचवावं लागलं. एकदा शब्द तिच्यापाशी पोचला की ती तो गिळून टाकायची, कित्येक दिवसांच्या उपाशी माणसासारखी. पाटीवर शुद्धलेखन घातलं तर वीस शब्दांत दोन चुका. सातव्या दिवशी तिनं आपण होऊन जिल्ह्यातल्या नद्या सांगितल्या आणि बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की हेच विचारत होता होय त्या दिवशी. बाईंनी तिच्या कानाकडे बघायचं टाळलं.

तपासणीला इन्स्पेक्ट्रेस बाई दमणीतून आल्या. गावात त्यांना मोठ्या बाई म्हणत. पायात बूट, डोळ्यांना चष्मा आणि बोलणं असं तोलून की ऐकणाऱ्यानंच ताठ बसावं. वाईट बाई नव्हती. हिवरखेडीत मुलींची शाळा टिकावी म्हणून त्यांनी वर भांडून पैसे आणले होते, हे सुभद्राबाईंना ठाऊक होतं. मागच्या खेपेस नंबरांवर चांगला शेरा त्यांचाच होता.

आल्या आल्या त्यांनी हजेरीपट मागवला, नंबर पाहिले आणि मुलींना नंबराप्रमाणे बसायला सांगितलं. सुभद्राबाई म्हणाल्या, हल्ली उजेडाच्या सोयीनं बसवतो. मोठ्या बाई म्हणाल्या, आज माझ्या सोयीनं बसवा. कौशल्या पाटी उचलून माठापलीकडे गेली. जाताना तिनं वळून पाहिलं नाही.

खिडक्यांशी गाव जमलं होतं. तपासणी म्हणजे गावाला तमाशाच. एका खिडकीत तानुबाई, तिच्या मागे, काखेत धाकटं पोर धरून, निवृत्ती. त्यानं खास पागोटं बांधलं होतं.

मोठ्या बाईंनी दुसरीला शुद्धलेखन घातलं. त्यांची एक सवय होती. एका जागी उभं राहून त्या सांगत नसत. मुली शेजारणीचं बघून लिहितात म्हणून पाठीमागून येरझारा घालत सांगत. आवाज मागून यायचा, जायचा, भिंतीकडे वळायचा. कौशल्यानं पहिल्या वाक्याला मान वर केली आणि समोर पाहिलं. समोर रिकामी खुर्ची होती. दुसऱ्या वाक्याला तिनं शेजारणीच्या पाटीकडे पाहिलं आणि मोठ्या बाईंची छडी तिच्या पाटीवर टकटकली. मग ती खाली बघत राहिली. पेन्सिल पाटीला टेकलेली होती आणि हलत नव्हती.

पाच वाक्यं झाली. मोठ्या बाईंनी पाट्या तपासल्या. तेविसावी पाटी त्यांनी उचलून उजेडात धरली, कोरी. हीच का ती दुसरीत दोन वर्षं बसलेली, असं विचारलं. हजेरीपटावर पेन टेकवलं.

सुभद्राबाई खिडकीकडे बघत नव्हत्या, तरी त्यांना तानुबाईचे डोळे दिसत होते. त्या गप्प राहिल्या तर वचन पाळलं जाणार होतं आणि पोरगी उद्यापासून मळ्यात पाखरं हाकणार होती. बोलल्या तर जिनं मातीच्या हातांनी त्यांचे हात धरले होते तिचा विश्वास गावासमोर मोडणार होता, आणि तरीही पोरगी शाळेत राहीलच याची खात्री नव्हती. मधला रस्ता त्यांनी दहा दिवस शोधला होता. तो रस्ता म्हणजे उजेडाची सोय. ती आत्ताच मोडली होती.

पेन हललं.

"थांबा," सुभद्राबाई म्हणाल्या. "ती पाटी तिची नाही. माझी आहे."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तिला ऐकू येत नाही. गोवरानं कान गेलेत. अगदी जवळून, तोंड दिसलं तर समजतं. मी तिला दोन वर्षं दारात बसवली, कारण तिला उत्तर येत नव्हतं. अन् उत्तर येत नाही म्हणून दर शनिवारी तोच कान पिळला."

बाहेर दमणीचे बैल रवंथ करत होते ते आत ऐकू आलं. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, भैरी हाय काय निवृत्तीची. हळूच म्हणालं, पण खिडक्या खोलीसारख्या लांब नव्हत्या. तानुबाईनं पदर ओढला आणि ती गर्दीतून निघून गेली.

मोठ्या बाईंनी विचारलं, हे कधी कळलं. बाई म्हणाल्या, दहा दिवसांपूर्वी. मग आल्या आल्या का नाही सांगितलं? याचं खरं उत्तर आईला दिलेलं वचन हे होतं. आईचं नाव घेणं एवढंच काय ते न करण्यासारखं उरलं होतं.

मोठ्या बाई माठापलीकडे गेल्या. बूट काढले, धुळीत कौशल्याच्या समोर मांडी घातली आणि चष्मा नाकावर नीट करून तीच पाच वाक्यं पुन्हा सांगितली, तोंडासमोर तोंड ठेवून. कौशल्यानं लिहिली. तीन चुका निघाल्या. पाटलाच्या पुष्पाच्या चार होत्या.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, की नंबरांची बैठक आजपासून बंद करावी, मुलींचे कान शाळेत तपासून पाहावेत आणि मुख्याध्यापिकेनं शिक्षेबाबत विवेक बाळगावा. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं. खोडलेल्यात काय होतं ते सुभद्राबाईंनी उजेडात धरून पाहिलं नाही.

त्यानंतर तीन दिवस कौशल्या दिसली नाही. मुलींनी बातम्या आणल्या. निवृत्ती घरात कुणाशी बोलत नाही. सासूनं सुनेला म्हटलं, तुझ्याच पोटातून आली. पोरं विहिरीवर कौशीच्या मागे टाळ्या वाजवून बघतात, वळते की नाही. बाई ऐकत होत्या. मळ्याकडे जायला पाय उचलत नव्हता. पास झाल्याचा कागद खुर्चीवर पडून होता.

चौथ्या दिवशी, सोमवारी, शाळा भरायच्या आधी तानुबाई दारात उभी राहिली. कौशल्या तिच्या हाताला. बाई उठून उभ्या राहिल्या. तानुबाई आत आली नाही.

"तुमी सांगतलं तं सांगतलं," ती म्हणाली. "मी तुमाले माफ बिफ केलं नाई. पन आता लपवाचं काई राह्यलं नाई. बाप म्हन्ते, सरकारी बाई खाली बसली तं शिकू द्या. दवाखान्यात मात्र तो नेत नाई अन् मले जाऊ देत नाई. तं तुमी न्या. दर सोमवारी न्या. जवरोक कान सुकत नाई तवरोक."

एवढं बोलून तिनं पोरीचा हात सोडला आणि ती मळ्याकडे वळली.

शाळा लवकर सोडून बाई तिला घेऊन मेहकरला गेल्या. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते आणि थकलेले. त्यांनी पिचकारीनं दोन्ही कान धुतले, नळीतून आत पाहिलं. उजव्या कानाचा पडदा राहिलेलाच नाही, म्हणाले. डावा अजून हातात आहे. पाणी जाऊ द्यायचं नाही, तेल, रस काही घालायचं नाही, दर आठवड्याला धुवायचा. आहे तेवढं राहील. गेलेलं येणार नाही. मग त्यांनी डाव्या कानाच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथं कातडीला जुनी चीर होती, भरून पुन्हा फाटलेली. त्यांनी कौशल्याकडे बघून विचारलं, कोणी मारलं होतं का कानावर.

तिला तोंड दिसत होतं. तिला समजलं.

"नाई," ती म्हणाली.

"हो," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी. पिळत होते."

डॉक्टरांनी पेन थांबवलं, मग लिहिलं. बाईंनी विचारलं, त्यानं काही जास्तीचं झालं का. डॉक्टर म्हणाले, ते आता कोण सांगणार. कानात बोरिकची पूड घातली, वर कापसाचा बोळा बसवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या वाटेवर कौशल्या घुश्शात होती. पुढे पुढे चालत होती, म्हणजे बाईंचं तोंड दिसू नये. पैनगंगेपाशी थांबली. नदी आटलेली, वाळूत डांगरांच्या वाड्या लागलेल्या, दोन-चार भोई बायामाणसं वेलांना पाणी घालत होती. मधली धार घोट्याएवढी. तिथून कानात पाणी जायचा काही संबंध नव्हता. तरी सुभद्राबाईंनी लुगडं खोचलं आणि पाठ करून खाली बसल्या. पोरगी म्हणाली, मी लाहन नाई. बाई उठल्या नाहीत. शेवटी तिनं गळ्यात हात टाकले.

धारेच्या मधोमध तिची हनुवटी बाईंच्या उजव्या खांद्यावर आली आणि डावा कान गालापाशी. बाईंना जे बोलायचं होतं ते दवाखान्यापासून तयार होतं. त्या हळूच बोलल्या, जसं असलं काही बोलतात तसं. पोरगी म्हणाली, काय? कानात बोळा होता. बाईंनी पुन्हा म्हटलं. काय म्हनता, बाई?

मग सुभद्राबाई पाण्यात थांबल्या आणि जेवढा आवाज त्यांच्या छातीत होता तेवढा लावून म्हणाल्या, की चूक माझी होती, तुझी नव्हती. वाड्यांतली माणसं कमरा सरळ करून बघायला लागली. कौशल्यानं ऐकलं की नाही हे कळेना. तिनं मान हलवली. ती मान हलवणं बाईंना चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी तिला काठावर उतरवलं, तिच्यासमोर वाळूत गुडघे टेकले, तोंड उजेडाकडे केलं, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.